थकवा निर्मूलन प्रमुख

सत्राच्या सुरुवातीला शिक्षक उत्साहात असतो आणि शेवटी घाईत असतो. मधल्या काळात तो नुसता असतो. हातात खडू असतो, तोंडातून आवाज येत असतो, फळ्यावर काहीबाही उमटत असतं. पण हे सगळं नेमकं कोण करतंय याचा पत्ता खुद्द शिक्षकालाही नसतो. समोर विद्यार्थी बसलेले असतात. त्यांचे डोळे उघडे असतात, एवढ्यावरून ते जागे आहेत असं मानायची आपल्याकडे पद्धत आहे.

तर त्या दिवशी मी आठवीच्या वर्गाला गवताळ प्रदेश शिकवत होतो. वेळ जेवणानंतरची. जगात कुठेही, कुठल्याही शाळेत, जेवणानंतर गवताळ प्रदेश शिकवू नये असं माझं आता ठाम मत झालं आहे. क्षितिजापर्यंत नुसतं गवत, मधे एक झाड नाही, डोंगर नाही, की कुणी भांडत नाही. 'या प्रदेशात दूरवर पसरलेलं...' इथपर्यंत मी आलो आणि मला जांभई आली. साधीसुधी नव्हे. कान बंद झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि जबडा जागेवर येतो की नाही अशी शंका वाटावी इतकी ती चालली. पहिल्या बाकाने ती उचलली. तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या बाकावर जात ती शेवटच्या बाकापर्यंत पोचली आणि मग दाराकडे वळली. दारात आमच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही आपसात 'मोठ्या बाई' म्हणतो. त्या हसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या, मग जांभई देताना पाहणं तर लांबच. त्यांनी ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुगवल्या, चष्मा सावरला. पण जांभई ही अशी गोष्ट आहे की ती हुद्दा बघत नाही. अख्ख्या आठवीच्या देखत मोठ्या बाईंचं तोंड उघडलं आणि बराच वेळ उघडंच राहिलं.

आता असं काही घडलं की कुणाला तरी जबाबदार धरावं लागतं. मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"सर, शाळेत थकवा पसरलाय," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि तो तुमच्या वर्गातून पसरतोय."

"बाई, सत्राचा मध्य आहे. सगळेच थकलेत. थोडं झोपू दिलं ना सगळ्यांना, तर..."

मी हे गमतीत म्हणालो होतो. पण सरकारी आणि शालेय कामकाजात गंमत ही चीज कुणाच्या लक्षात येत नाही. बाईंनी पेन उचललं. "जेवणानंतर रोज अर्धा तास झोप. चांगली सूचना आहे. लेखी द्या. आजपासून तुम्ही थकवा निर्मूलन प्रमुख."

शाळेत सूचना कधी करू नये. करणाऱ्याच्याच गळ्यात पडते. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे, तरी जीभ वळवळतेच.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर लहान मुलांची नाकं पुसत पाढे म्हणवून घेते. तिने पायातली चप्पलही काढली नव्हती. सोफ्यावर तशीच बसली होती.

"तुम्ही? झोपेचे प्रमुख?" ती म्हणाली. "योग्य माणूस निवडला. टीव्हीसमोर तुमचा सराव रोज बघते मी." मग एकदम गंभीर झाली. "अहो, पण हे सुट्टीच्या आड नाही ना येणार?"

इथे सुट्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या सुट्टीपायीच घडलं. सत्राच्या मध्यावर शाळांना आठवडाभर सुट्टी मिळते. पण तिच्या शाळेची एका आठवड्यात आणि माझ्या शाळेची दुसऱ्या, असं लग्नापासून चालत आलेलं. तिला सुट्टी तेव्हा मी पेपर तपासतोय, मला सुट्टी तेव्हा ती मुलांच्या रांगा लावतेय. यंदा पहिल्यांदाच दोन्ही सुट्ट्या एकाच आठवड्यात आल्या होत्या. आणि आम्ही ठरवलं होतं की काहीही करायचं नाही. कुठे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, माळा आवरायचा नाही. दाराची बेल काढून ठेवायची आणि दोघांनी पडून राहायचं.

"छे! सुट्टीचा याच्याशी काय संबंध?" मी म्हणालो.

"बघा हं. मी त्या आठवड्यावर जगतेय सध्या," ती म्हणाली, आणि वाक्य संपता संपता तिथेच बसल्या जागी झोपली. मी तिची चप्पल काढून ठेवली. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिची फार दया आली. आणि थोडी स्वतःचीही.

एवढ्यात शेजारचे काका आले. हे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आमच्या भिंतीला कान लावून असतात असा माझा जुना संशय आहे. "झोपेचं काहीतरी काढताय म्हणे शाळेत," ते म्हणाले. "मला विचारा. निवृत्त झाल्यापासून मला धड झोप लागलेली नाही. त्यामुळे झोप म्हणजे काय ते मला पूर्ण कळलंय."

"बोला ना काका."

"पोरं आपोआप झोपतील अशा भ्रमात राहू नका. झोप शिकवावी लागते. आधी पाय सैल सोडायचे, मग पोटऱ्या, मग गुडघे. असं करत करत डोक्यापर्यंत यायचं."

"आणि मग झोप लागते?"

"नाही. मग पहाट होते," काका म्हणाले आणि चहा घेऊनच उठले.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न निघाला तो वेळापत्रकाचा. झोपेला अर्धा तास हवा, तर तो द्यायचा कुणी? गणिताच्या बाई म्हणाल्या, गणिताचं एक मिनिट मिळणार नाही, विज्ञानाचे सर हवे तर देतील. विज्ञानाचे सर म्हणाले, भाषेत दोन धडे कमी झाले तर कुणाचं काय बिघडतं? भाषेच्या बाईंना त्यावर रडू आलं. पीटीचे सर म्हणाले, झोपायचं कशाला, मैदानाला फेऱ्या मारा, थकवा पळून जातो. चर्चा फार रंगली, सगळे फार थकले, आणि शेवटी एकमताने असं ठरलं की भूगोलाचा तास घ्यावा. एकमताने म्हणजे मी सोडून. माझ्याच विषयाचा तास माझ्याच योजनेसाठी माझ्याच देखत काढून घेतला गेला आणि वर सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

मग हेडक्लार्क भाऊसाहेब. यांच्याकडे चटया मागायला गेलो. "चटई शैक्षणिक साहित्यात बसत नाही," ते म्हणाले.

"मग कशात बसते?"

"कशातच नाही." त्यांनी थोडा विचार केला. भाऊसाहेब मनाने वाईट नाहीत, फक्त वाट सरळ असली की त्यांना चालवत नाही. "लांबी-रुंदी सांगा. गुंडाळता येते का? भिंतीला टांगता येईल का? मग नकाशे म्हणून मागवतो."

अशा रीतीने आमच्या शाळेत ढीगभर नकाशे आले. निळ्या काठाचे, वेताच्या वासाचे. त्यानंतर मुलं एकमेकांना विचारू लागली, "ए, माझ्या नकाशावर कोण झोपलं?"

झोपेचा तास म्हटल्यावर त्याचं पाठ टाचणही आलं. बाईंनी ते तीनदा परत पाठवलं. उद्दिष्टे: विद्यार्थी डोळे मिटू शकेल. विद्यार्थी दोन्ही डोळे एकाच वेळी मिटू शकेल. पूर्वज्ञान: विद्यार्थ्यास घरी झोपण्याचा अनुभव आहे. मूल्यमापन या रकान्यात काय लिहावं हे मला कळेना. शेवटी 'निरीक्षणाद्वारे' असं लिहिलं. तो शब्द कुठेही चालतो.

पहिल्या दिवशी अर्थातच कुणी झोपलं नाही. इतर वेळी ज्यांना तोंडावर पाणी मारून उठवावं लागतं ती पोरं त्या दिवशी टक्क जागी. कुणी खोटं घोरतंय, कुणी शेजाऱ्याच्या पायाला गुदगुल्या करतंय. आमच्या आठवीत एक मुलगी आहे. तिला आम्ही सगळे 'वकीलबाई' म्हणतो, कारण सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ती पुरावा मागते. तिने पडल्या पडल्या हात वर केला.

"सर, झोप आली नाही तर गैरहजेरी लागेल का?"

"नाही. डोळे मीट."

"सर, डोळे मिटून जागं राहिलं तर ती कॉपी धरणार का?"

"अगं, बोलू नकोस!"

"सर, स्वप्न पडलं तर ते अभ्यासक्रमातलं असायला हवं का?"

पीटीच्या सरांना हा सगळा बेशिस्तीचा प्रकार वाटला. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गरजले, "सर्वांनी! उताणे! झोपेची! तयारी!" त्या आवाजाने तळमजल्यावरच्या पाचवीतली जी काही मुलं चुकून झोपली होती तीही उठून बसली.

मग बाईंनी सगळ्या शिक्षकांच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. मुलं झोपली आहेत की नाही हे वाकून वाकून बघण्यात शिक्षक इतके दमले की गणिताच्या बाई एका दुपारी दाराला टेकून उभ्या उभ्याच झोपल्या. मुलांनी त्यांना उठवलं नाही. उलट आवाज न करता त्यांच्या पायाशी नकाशा अंथरून ठेवला. पोरं वाईट नसतात हो, आपणच त्यांना गणित देतो.

तोडगा सापडला तो चुकून. आठवड्याच्या शेवटी मी वैतागून वर्गात म्हणालो, "झोपत नाही ना? मग भूगोल घेतो." पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली, "या प्रदेशात दूरवर पसरलेलं गवत वाऱ्याबरोबर..." वाऱ्याबरोबर काय होतं हे ऐकायला कुणी शिल्लक उरलं नाही. अख्खा वर्ग गार. वकीलबाईंचा हात प्रश्न विचारायला वर गेलेला, तसाच हळूहळू खाली आला. शेजारच्या वर्गातून विज्ञानाचे सर तक्रार करायला आले, दारात दोन वाक्यं ऐकली आणि तिथेच चौकटीला डोकं टेकून बसले.

ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या आवाजातला भूगोल लाउडस्पीकरवरून साऱ्या शाळेत सुरू झाला. "बघा, तुमच्या विषयाला तास परत मिळाला," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं मी जीव तोडून शिकवलं. वाळवंटं शिकवली, ज्वालामुखी शिकवले. ज्वालामुखी शिकवताना तर मी हात वर करून आवाजही काढतो. पण माझं खरं देणं काय, तर माझा आवाज ऐकून माणूस झोपतो. हे कुणी तोंडावर सांगितलं नाही. सगळ्यांनी कौतुकच केलं. तेच जास्त लागलं.

आणि यातली खरी गोम अशी की साऱ्या शाळेत एकटा मी जागा. मी झोपलो तर वाचणार कोण?

पालक सभेत एका आईने विचारलं, "आमचा मुलगा झोपेत बाकीच्यांच्या मागे तर नाही ना?" एका वडिलांनी घरी सरावासाठी काही देता येईल का म्हणून चौकशी केली. एक काकू मात्र चिडल्या होत्या. "अहो सर, आमची मुलगी शाळेतून इतकी ताजीतवानी येते की आम्हाला झोपू देत नाही. आमचा थकवा कोण निर्मूलन करणार?"

पण काहीही म्हणा, शाळेचा नूर पालटला. मुलं प्रश्न विचारू लागली आणि शिक्षक उत्तरं देऊ लागले. चित्रकलेच्या सरांनी कुणी न सांगता जिन्याची भिंत रंगवली, मासे काढले, आणि उत्साहाच्या भरात माशांना पंखही काढले. पीटीच्या सरांनी शिक्षकांचे दोन संघ पाडून व्हॉलीबॉल सुरू केला. भाषेच्या बाईंनी जाळ्यावरून असा काही चेंडू मारला की तो भाऊसाहेबांच्या टेबलावर जाऊन पडला, आणि भाऊसाहेबांनी तो उठून परत टाकला. गणिताच्या बाई वर्गात हसल्या. पहिल्यांदा मुलं घाबरली, मग तीही हसली, मग वर्ग आवरेना. आणि एका सकाळी मोठ्या बाई चक्क गुणगुणत जिना चढल्या. आम्ही सगळे टीचर्स रूमच्या दारात गर्दी करून बघत होतो.

त्या भरात बाईंनी शिक्षण कार्यालयाला अहवाल पाठवला की आमच्या शाळेतला थकवा समूळ नष्ट झाला आहे.

उत्तर लगेच आलं. सरकारी उत्तर लगेच आलं की समजावं, काहीतरी काढून घेतलंय. कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं. सत्रामधली सुट्टी थकवा घालवण्यासाठी दिली जाते. आपल्या शाळेत थकवा उरलेला नाही. सबब आपल्या शाळेस सुट्टीची गरज नाही. खात्री करून घेण्यासाठी अधिकारी प्रत्यक्ष भेट देतील.

टीचर्स रूममध्ये ते पत्र सगळ्यांनी वाचलं. मग सगळे हळूहळू माझ्याकडे वळले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं आम्हाला बरं करायला?" विज्ञानाचे सर म्हणाले.

"मी बहिणीकडे जाणार होते," भाषेच्या बाई म्हणाल्या आणि त्यांना पुन्हा रडू आलं. मात्र आता चांगली झोप मिळत असल्याने त्या खणखणीत रडल्या.

घरी सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी जेवण झाल्यावर सांगितलं. बायको चिडेल, टोमणे मारेल, अशी मी तयारी ठेवली होती. तिने ताट उचललं, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"अगं, बोल तरी काहीतरी."

"काय बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुमच्याबरोबर बसून काहीही करायचं नव्हतं. आता एकटीने काहीही न करण्यात काय मजा आहे?"

मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, सुट्टी परत मिळवायची. म्हणजे शाळा पुन्हा थकवायची.

पण थकवा काय मागितला की मिळतो? अधिकारी यायला जेमतेम काही दिवस होते आणि शाळा टवटवीत. मी झोपेचा तास बंद करायला निघालो तर मुलांनी ऐकलं नाही. वेळ झाली की ती आपणहून नकाशे अंथरून पडायची. मग थकव्याची तालीम सुरू केली. पीटीचे सर मैदानावर ओरडायचे, "एक! मान खाली! दोन! खांदे सैल! तीन! पाय ओढत चला!" आणि साऱ्या शाळेने इतक्या झोकात, इतक्या एका तालात पाय ओढले की संचलनाचं पहिलं बक्षीस मिळालं असतं. चित्रकलेच्या सरांनी सगळ्यांच्या डोळ्यांखाली कोळशाने काळी वर्तुळं काढायचं अंगावर घेतलं.

"सर," वकीलबाईंनी हात वर केला, "हा खोटेपणा नाही का?"

"नाही," मी म्हणालो. "ही उजळणी आहे. आपण पूर्वी खरंच असे होतो."

तिने विचार केला. "मान्य," ती म्हणाली आणि डोळ्याखाली कोळसा लावून घ्यायला रांगेत उभी राहिली.

अधिकारी आले. मला वाटलं होतं कुणी जाडजूड, करड्या आवाजाचा माणूस असेल. हे एक वाळकेसे गृहस्थ, खांद्यावर बॅग, शर्ट एका बाजूने बाहेर आलेला. सकाळपासून एकामागून एक शाळा तपासत आमच्याकडे आले होते. मोठ्या बाई त्यांच्या पुढे पाय ओढत चालल्या. त्यांच्या गालावर कोळसा ओघळला होता आणि त्या थकलेल्यापेक्षा कुणाशी तरी मारामारी करून आल्यासारख्या दिसत होत्या.

आठवीत येऊन साहेबांनी विचारलं, "मुलांनो, तुम्ही थकला आहात का?"

"हो, सर!" अख्खा वर्ग असा कडाडला की खिडकीवरचं कबूतर उडून गेलं.

"फार?"

"फाऽऽर, सर!" आणि मागच्या बाकावर कुणीतरी आनंदाने शिट्टी वाजवली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जांभई द्यायचा प्रयत्न केला. ज्या जांभईने हे सगळं सुरू झालं ती ऐनवेळी काही येईना. नुसता आ वासून उभा राहिलो. साहेबांना वाटलं मला काही बोलायचंय. ते बराच वेळ वाट बघत थांबले.

"असो," ते शेवटी म्हणाले. "तो तुमचा झोपेचा तास दाखवा."

इथे मला युक्ती सुचली. गवताळ प्रदेश इतका रंगवून वाचायचा की कुणाला झोपच येऊ नये. तास फसला म्हणजे थकवा आहे, थकवा आहे म्हणजे सुट्टी आहे. मी माइक हातात घेतला. साहेब माझ्या समोर खुर्ची ओढून बसले. मी एखाद्या लढाईचं वर्णन करावं तसा सुरू झालो. "या प्रदेशात! दूरवर! पसरलेलं! गवत!"

शाळा झोपली. 'गवत' शब्दाला तर एक सारखी खोकणारी मुलगीसुद्धा थांबली. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, घोड्यांच्या टापा काढल्या. त्या प्रदेशात घोडे असतात, पुस्तकात तसं आहे. कशाचा उपयोग नाही. घामाघूम होऊन मी मान वर केली तर समोरची खुर्ची रिकामी. साहेब खाली नकाशावर आडवे झाले होते. बॅग उशाला, हात छातीवर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला वाचन थांबवायचा धीर होईना.

तास संपला. साहेब उठले नाहीत. पुढचा तासही गेला. त्यांना उठवायचं कुणी? मोठ्या बाई म्हणाल्या, प्रमुख तुम्ही. मी म्हणालो, मुख्याध्यापिका तुम्ही. भाऊसाहेब म्हणाले, अधिकाऱ्याला उठवण्याची कुठेच तरतूद नाही. शाळा सुटली तेव्हा बाईंनी घंटा वाजवू दिली नाही. सगळी मुलं बूट हातात घेऊन चवड्यांवर चालत बाहेर पडली. शाळा सुटताना इतकी शांत असू शकते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

उन्हं उतरल्यावर साहेबांनी डोळे उघडले. गालावर चटईची नक्षी उमटली होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आमची सगळ्यांची तोंडं पाहिली, आणि लाजले.

"सत्र सुरू झाल्यापासून मी असा झोपलोच नव्हतो हो," ते हळूच म्हणाले. मग शर्ट खोचला, चष्मा लावला आणि पुन्हा अधिकारी झाले. "मी पाहणी केली. या शाळेत थकवा नाही हे म्हणणं चूक आहे. इथे थकवा इतका प्रचंड आहे की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालासुद्धा त्याची लागण झाली. या शाळेला सुट्टी तातडीने दिली पाहिजे."

आम्ही ओरडलो. थकलेल्या माणसांनी ओरडायचं नसतं हे विसरून ओरडलो. पीटीच्या सरांनी मला उचललं. भाषेच्या बाई रडल्या. मोठ्या बाईंनी भाऊसाहेबांशी हात मिळवला. मी मनात दाराची बेल काढूनसुद्धा ठेवली होती, एवढ्यात साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तुमच्या आवाजात काहीतरी आहे. याचा लाभ सगळ्यांना झाला पाहिजे. सुट्टीच्या आठवड्यात आम्ही थकवा निर्मूलनाचं शिबिर घेऊ. सगळ्या शाळांमधून शिक्षक बोलावू. मार्गदर्शक तुम्ही."

म्हणजे साऱ्या शाळेला सुट्टी, मला सोडून.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. "आधी मी सांगू की तुम्ही?" ती म्हणाली. "सुट्टीत कसलंसं शिबिर आहे म्हणे. प्रत्येक शाळेने आपला सगळ्यात थकलेला शिक्षक पाठवायचाय. आमच्या शाळेने कुणाला निवडलं असेल सांगा."

सांगायची गरज नव्हती. मी एवढंच सांगितलं की त्या शिबिराचा मार्गदर्शक मी आहे. काकांनी भिंतीपलीकडून दोनदा खोकून पाहिलं, पण पुढचं काही ऐकू येईना म्हणून तेही कंटाळले.

शिबिराच्या सभागृहात चटया अंथरल्या होत्या आणि त्यांवर शाळाशाळांतले शिक्षक बसले होते. सुट्टीच्या पहिल्या दिवशी बोलावलेल्या शिक्षकांचे चेहरे कसे असतात ते मी सांगायला नको. कुणाच्या बाहीला अजून खडू लागलेला. एका सरांनी तर पेपरांचा गठ्ठा सोबत आणला होता. बायको पहिल्या ओळीत, हाताची घडी घालून, ताठ. काहीही झालं तरी या माणसाच्या आवाजाने झोपायचं नाही असा तिचा निर्धार मला तिथूनही दिसत होता.

मी पुस्तक उघडलं. रंगवलं नाही, आवाज चढवला नाही. नेहमीसारखा वाचत गेलो. आधी मागची ओळ आडवी झाली. मग मधली. पेपरवाल्या सरांनी गठ्ठा उशाला घेतला. पहिल्या ओळीत बायको एकटी उरली. माझ्याकडे रोखून बघत होती. तिची मान हळूच कलली, तिने ती सावरली, पुन्हा कलली, आणि मग पाय पोटाशी घेऊन तीही झोपली.

कार्यालयाचा माणूस कार्यक्रमाचा कागद हातात घेऊन दारातून चवड्यांवर आत आला. "सर, आता गटचर्चा आहे. त्यानंतर अभिप्राय. उठवा सगळ्यांना."

मी त्या सभागृहाकडे पाहिलं. ही सगळी माणसं वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना उठवत, बसवत, गप्प करत आली होती. आज त्यांना कुणी हाक मारत नव्हतं. मला त्या सगळ्यांबद्दल फार माया दाटून आली.

"गटचर्चाच चालू आहे," मी म्हणालो.

त्याने झोपलेल्या गटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दिवसभर तोही कुणाकुणाला बोलावत फिरलेला होता. "मग मी बसतो जरा," तो म्हणाला आणि शेवटच्या ओळीत जाऊन कागद तोंडावर घेऊन पडला.

मी पुस्तक मिटलं, माइक बंद केला. आता वाचायला कुणी सांगत नव्हतं आणि ऐकायला कुणी जागं नव्हतं. पहिल्या ओळीत बायकोशेजारची चटई रिकामी होती. मी बूट काढले आणि आवाज न करता त्या चटईवर आडवा झालो.

"आता काही करू नका हं," बायको डोळे न उघडता म्हणाली.

"नाही," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं आठवडाभर रोज तिथे तसेच पडून राहिलो.